न विकण्याची किंमत

नांदगिरेच्या माध्यमिक शाळेच्या सभागृहात केतकी मांजरेकर आली, तेव्हा तिला कुणी खुर्ची दिली नाही. समोरच्या बाकांवर एकोणीस माणसं बसली होती. कुणाच्या डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या, कुणाच्या डोळ्यांवर काळे चष्मे. त्यांच्या मागे भिंतीला टेकून घरची माणसं उभी होती. स्फोटाला चाळीस दिवस झाले होते. पहिल्या बाकावर तिचा थोरला भाऊ उमेश होता. तिची चाल त्यानं ऐकूनच ओळखली असावी, कारण ती काही बोलायच्या आतच त्यानं विचारलं,

"पैसे आणलेस की कारण आणलंस?"

"दादा, मला दोन मिनिटं दे."

"इथे दादा नाही. जखमी कामगार समितीचा अध्यक्ष बसलाय. पैसे की कारण?"

"कारण," केतकी म्हणाली.

मागे कुणीतरी थुंकलं. शाळेच्या सभागृहात, फरशीवर. कुणी त्याला अडवलं नाही.

केतकी अठ्ठेचाळीस वर्षांची होती. तिनं बनवलेल्या पडद्यातून समुद्राचं पाणी ढकललं की पलीकडून पिण्याचं पाणी येई, आणि तेही विहिरीच्या पंपाला लागते त्याच्या दुप्पट विजेत. 'निथळ' हे तिच्या कंपनीचं नाव. २०४३ सालच्या श्रीमंतांच्या यादीत तिच्या नावापुढे अडतीस हजार कोटी रुपये छापले होते. कारखाना तिनं मुद्दाम स्वतःच्या गावात काढला. फेब्रुवारीच्या शेवटी त्याच कारखान्याच्या धुलाई विभागात द्रावकाची वाफ साठली आणि पेटली. तीन माणसं जागीच गेली. एकोणीस जणांच्या डोळ्यांची बुबुळं भाजली. केतकीनं स्मशानात, चिता पेटलेल्या असताना, सगळ्यांसमोर सांगितलं होतं की चारशे कोटी रुपये ती स्वतःच्या खिशातून देईल. बुबुळं पुन्हा वाढवणारी प्रयोगशाळा परदेशात एकच होती. एका माणसाच्या डोळ्यांना आठ कोटी लागत, उधारी नव्हती, आणि स्फोटापासून सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली नाही तर मागचे व्रण कायमचे घट्ट होत. उरलेले पैसे तीन मृतांच्या घरांसाठी आणि सगळ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी होते.

"कंपनी का देत नाही?" भिंतीपाशी उभ्या असलेल्या एका बाईनं विचारलं.

"संचालक मंडळ म्हणतं, पैसे दिले तर चूक कबूल केल्यासारखं होईल. कोर्टात जा म्हणतात."

"मग तू दे. अडतीस हजार कोटी आहेत ना तुझे?"

"ते पैसे नाहीत. शेअर आहेत. मोसमातली हापूसची पहिली पेटी वाशीला काय भावानं जाते ते तुम्हाला माहीत आहे. आता त्या भावानं अख्ख्या कोकणातल्या झाडांवरचे आंबे गुणा. जो आकडा येईल तेवढे पैसे कोकणात आहेत का? माझ्या नावापुढचा आकडा तसा काढलेला आहे. रोज थोडे शेअर इकडून तिकडे जातात, त्यांचा जो भाव लागतो त्यानं माझे सगळे गुणतात."

"आंबे मला शिकवू नकोस," उमेश म्हणाला. "सगळी बाग कुणी मागितली तुझ्याकडे? शंभरातली एक पेटी दे म्हटलं तर तीही नाही?"

"मी पेटीला हात लावला की बाजार म्हणतो, बागेची मालकीणच माल काढतेय, म्हणजे बागेत कीड आहे. मग भाव पडतो. माझे निम्म्याहून जास्त शेअर बँकांकडे गहाण आहेत, त्यावर तर हा कारखाना उभा राहिला. भाव एका मर्यादेखाली गेला की बँका ते विकायला काढतात. मग आणखी पडतो."

"जे गहाण नाहीत ते गहाण टाक."

"स्फोटानंतर कुणी घेत नाही."

उमेशनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "धुलाई विभागातले हवा ओढणारे पंखे बदला म्हणून मी किती पत्रं दिली होती?"

"तीन."

"का नाही बदललेस?"

हे उत्तर तिनं वकिलांनाही दिलं नव्हतं. "नऊ दिवस काम बंद ठेवावं लागलं असतं. तिमाहीचं उत्पादन घटलं असतं. भाव पडला असता."

"आणि बँकांनी विकायला काढले असते."

"हो."

"म्हणजे जे पैसे तुझ्याकडे नाहीतच, ते जाऊ नयेत म्हणून आमचे डोळे गेले." तो उठला आणि काठीनं दार दाखवलं. "ऑगस्टअखेरपर्यंत वेळ आहे. कारणं घेऊन परत येऊ नकोस."

संस्थापकानं विकायला काढलं की भाव पडतो, हे शंभर वर्षांपूर्वीही खरं होतं. पण तेव्हा विकून झाल्यावर पडायचा. केतकीच्या काळात तो आधी पडू लागला, आणि याला कारण होतं 'कानोसा' नावाची एक प्रणाली.

माणूस एखादा निर्णय घेतो तेव्हा तो घेतल्याचं त्याला स्वतःला कळायच्या क्षणभर आधी डोळ्याची बाहुली किंचित रुंदावते. हे जुनंच निरीक्षण. एका मोजणीतून त्याचा काही अर्थ निघत नाही. उजेड बदलला, चहा प्यायला, तरी बाहुली बदलते. पण एकाच माणसाचं दहा वर्षांचं चित्रण हाताशी असेल, मुलाखती, सभा, विमानतळावरचे, रस्त्यांवरचे कॅमेरे, तर त्याच्या बाहुलीच्या सवयी कळतात. पैशाचा विषय निघाला की ती कशी हलते, खोटं बोलताना कशी, मनात ठरलेली गोष्ट लपवताना कशी. कानोसा प्रत्येक मोठ्या भागधारकाच्या नावापुढे एक आकडा दाखवी: येत्या तीस दिवसांत हा माणूस विकेल याची शक्यता शेकडा किती. दहातल्या नऊ वेळा तो बरोबर येई. दलालांची यंत्रं तो आकडा दर सेकंदाला वाचत आणि माणसाच्या आधी विकून मोकळी होत. काही संस्थापकांनी काळे चष्मे लावून पाहिले. बाजारानं काळा चष्मा हीच विक्रीची खूण मानली.

स्मशानातल्या त्या एका वाक्यानंतर केतकीचा आकडा तीनवरून चौदावर गेला होता.

"मॅडम, तुम्ही ठरवू नका," तिचे सनदी लेखापाल गुंजाळ तिला म्हणाले. पुण्यातल्या त्यांच्या कचेरीत सकाळचे अकरा वाजले होते. "कागद मी करतो. तारीख मी ठरवतो. तुम्ही फक्त कोऱ्या जागी सही करा आणि विसरून जा."

"विसरायचं कसं, गुंजाळ? एकोणीस माणसं आंधळी बसली आहेत."

"मग निदान कुठल्या कॅमेऱ्यासमोर जाऊ नका."

"मी दिसले नाही तर तोही अर्थ काढतील."

गुंजाळांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिसेक वर्षं ते लोकांचे पैसे सांभाळत आले होते. "खरं सांगू का? तुमची श्रीमंती तुमच्या शेअरांची नाहीच. तुम्ही विकणार नाही, या लोकांच्या खात्रीची आहे. ती खात्री मोडली की विकायला काही उरत नाही."

तिनं सही केली. त्याच दुपारी एका वाहिनीवर तिची मुलाखत होती, आधीपासून ठरलेली, मराठवाड्यासाठीच्या जलवाहिनीबद्दल. सगळं नीट चाललं होतं. शेवटी निवेदिकेनं सहज विचारलं, "जखमी कामगारांना दिलेला शब्द तुम्ही पाळणार ना?"

"पाळणार," केतकी म्हणाली. पण त्या शब्दाआधी ती अर्धा सेकंद थांबली होती.

ती स्टुडिओतून खाली उतरेपर्यंत तिचा आकडा एकसष्टवर गेला होता. पाऊण तासात भाव एकतीस टक्क्यांनी पडला. बँकांच्या यंत्रांनी गहाण शेअर विकायला काढले, त्यानं आणखी पडला, आणि मग बाजारानं 'निथळ'चे व्यवहार दोन दिवस थांबवले. अडतीस हजार कोटींचे एकोणीस हजार झाले. त्या सगळ्या गदारोळात केतकीच्या हाती आले ते नऊ कोटी, आणि तेही बँकेनं थकलेल्या व्याजापोटी वळते करून घेतले.

कारखान्यातल्या दोन हजार सहाशे कामगारांकडेही 'निथळ'चे शेअर होते. तिनंच वाटले होते, मोठ्या अभिमानानं. चौथ्या दिवशी ती फाटकापाशी पोचली तेव्हा गाडीच्या काचेवर पहिला दगड पडला. तिनं चालकाला थांबायला सांगितलं आणि उतरली. गर्दीच्या पुढे रेश्मा मुजावर उभी होती. धुलाई विभागात उमेशच्या हाताखाली काम करणारी, एकोणिसांमधली एक. डाव्या डोळ्यानं तिला काहीच दिसत नव्हतं, उजव्यानं माणसाची फक्त सावली दिसत असे. तिचा नवरा तिच्या दंडाला धरून उभा होता.

"केतकीताई आहेत का समोर?"

"आहे, रेश्मा."

"मी चिपळूणला घर बघितलेलं. शेअर विकून पहिला हप्ता भरणार होते. आता त्यात दरवाजासुद्धा येणार नाही." ती शांतपणे बोलत होती. "तुम्ही आधी आमचे डोळे घेतलेत. मग डोळ्यांसाठी म्हणून आमची घरं घेतलीत. आता आमच्यासाठी काही करू नका. हात जोडते."

रेश्माच्या नवऱ्यानं खाली वाकून दगड उचलला, हातात तोलला आणि परत टाकून दिला. त्याला तो मारावासा वाटला नाही की मारून उपयोग नाही असं वाटलं, हे तिला कळलं नाही.

पुढचा महिनाभर केतकीनं स्वतःचं असं जे होतं ते विकलं. ते किती थोडं आहे याचं तिलाच नवल वाटलं. पुण्याचा फ्लॅट निम्मा कर्जाचा होता. गाडी कंपनीची. आईच्या बांगड्या, महाबळेश्वरची एक जमीन, पहिल्या पडद्याच्या शोधासाठी मिळालेलं सोन्याचं पदक. सगळं मिळून सोळा कोटी. दोन माणसांचे डोळे. समितीनं चिठ्ठ्या टाकल्या, त्यात रेश्मा आणि पॅकिंगमधला एक कामगार निघाले. उमेशनं चिठ्ठीत स्वतःचं नाव घातलंच नव्हतं, हे तिला पुष्कळ नंतर समजलं.

मेअखेरीस ती गुंजाळांच्या कचेरीत बसली होती. समोरच्या पडद्यावर कानोसाची 'निथळ'ची यादी होती. केतकी मांजरेकर, शेकडा चव्वेचाळीस. मग संचालक, मग गुंतवणूकदार संस्थांचे प्रमुख. सगळ्यात खाली, कुटुंबीय म्हणून थोडे शेअर असलेला उमेश मांजरेकर. त्याच्या नावापुढे आकडा नव्हता. आडवी रेघ होती.

"हे काय?"

"फेब्रुवारीपर्यंत आकडा होता," गुंजाळ म्हणाले. "आता बाहुलीच दिसत नाही म्हटल्यावर यंत्र काय वाचणार? आणि त्यांच्या काळ्या चष्म्याला खरंखुरं कारण आहे. त्यावर बाजार काय बोलणार?"

केतकी बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माझे गहाण नसलेले सगळे शेअर त्याला बक्षीस द्यायचे. विक्री नाही. दान."

"सगळे? मॅडम, ते तुमचा द्वेष करतात. ते शेअर गेले की कंपनीवरचा तुमचा ताबा गेला."

"एकही शेअर मागे ठेवला तर माझ्या डोळ्यांत दिसेल. आणि परत घ्यायचा विचार जरी मनात राहिला, तरी दिसेल."

ती नांदगिरेला गेली तेव्हा उमेश घराच्या पडवीत बसून बोटांनी नारळाच्या सोडणांमधला काथ्या सोडवत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. यंत्र काय वाचतं, त्याला का वाचू शकत नाही, रोज किती विकलं तर कुणाच्या लक्षात येणार नाही.

"रोज दोन-अडीच कोटी. त्याहून जास्त नको. इतकी छोटी विक्री आर्थिक वर्षाच्या शेवटी कळवली तरी चालते. वकिलांची अट आहे की सही झाल्यावर आपण दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. तू कधी विकतोस, किती विकतोस, मला कळता कामा नये. मला कळलं की कॅमेऱ्याला कळलं."

"बोलायचं नाही ही अट मला जड नाही."

"आणखी एक आहे. तुझे डोळे बरे झाले की हे बंद होईल. यंत्राला तुझी बाहुली पुन्हा मिळेल. तेव्हा आधी बाकीच्यांचं कर, आणि ऑगस्टअखेर तुझं. मी हिशेब केलाय, तेवढा वेळ पुरतो."

"मेलेल्यांच्या घरच्यांचे पैसे? निवृत्तिवेतन?"

"त्यावर काहीतरी मार्ग काढू."

"तू नेहमी काहीतरी मार्ग काढतेस," उमेश म्हणाला. "पंख्यांच्या वेळीही म्हणालेलीस." त्यानं हातातलं सोडण टोपलीत टाकलं. "कागद कुठे आहे? माझा अंगठा धर आणि जागेवर ठेव. सही करता येत नाही आता."

तिनं त्याचा अंगठा धरून शाईत टेकवला. तो हात त्यानं लगेच काढून घेतला आणि लुंगीला पुसला.

दानाची बातमी फुटली तेव्हा भाव दहा टक्के पडला आणि तिथेच थबकला. चिडलेला भाऊ काय करील, याचे तर्क सगळ्यांनी लढवले, पण तो आज विकेल की दहा वर्षांनी, हे कुणालाच सांगता येईना. दलालांच्या यंत्रांना त्या आडव्या रेघेचं काय करायचं ते कळत नव्हतं. केतकीचा आकडा शून्यावर आला, कारण गहाण पडलेल्यांखेरीज तिच्याकडे काही उरलंच नव्हतं. जून गेला. भाव हळूहळू सावरला. जुलैत गावातले पहिले चार जण परदेशी गेले, मग सहा, मग आणखी सहा. पैसे कुठून येतात हे लोक विचारत. समितीच्या अध्यक्षाकडे काही दाते आहेत, एवढंच उत्तर मिळे.

जुलैतच 'निथळ'ची वार्षिक सभा झाली. केतकीला अध्यक्षपदावरून आणि मंडळावरूनही काढावं असा ठराव आला. गुंतवणूकदार संस्था काठावर होत्या. उमेशच्या मतांनी ठराव मंजूर झाला. त्यानं दुसराही एक ठराव मांडला होता, की धुलाई विभाग पंखे बदलेपर्यंत बंद राहील. तोही मंजूर झाला. त्या दिवशी भाव सहा टक्के पडला आणि महिन्याभरात परत आला. केतकीनं हे पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत वाचलं. नऊ दिवसांच्या बंदीला बाजार किती घाबरेल याचा तिनं जानेवारीत जो अंदाज बांधला होता, तो यापेक्षा कितीतरी जास्त होता.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिला राहवलं नाही. न बोलण्याची अट तिनं आजवर मोडली नव्हती. पण मुदत उलटली होती, म्हणजे उमेशची शस्त्रक्रिया होऊन गेली असणार, विक्री संपली असणार. आता बोलायला हरकत नव्हती. बाजारही तेच धरून चालला होता. ती सकाळच्या एसटीनं नांदगिरेला उतरली.

पडवीत रेश्मा होती, समितीचे कागद वाचून दाखवायला आलेली. तिनं केतकीकडे पाहिलं. दोन्ही डोळ्यांनी, अगदी सरळ. भाजल्याचे डाग गालांवर तसेच होते.

"तुम्ही यायला नको होतं," रेश्मा म्हणाली.

"दादाची शस्त्रक्रिया कशी झाली?"

रेश्मानं आतल्या दाराकडे पाहिलं. उमेश काठीनं उंबरठा चाचपत बाहेर येत होता. डोळ्यांवर तोच काळा चष्मा.

केतकी खाली बसली. "तारीख चुकली? मला कळवायचं होतंस. पैसे कमी पडले का?"

"पैसे होते," उमेश म्हणाला. "अठराही जणांचं करून वर बत्तीस कोटी उरले होते. मी नाही गेलो."

"का?"

"तीन विधवा आहेत. बावीस घरांचं निवृत्तिवेतन आहे. सव्वादोनशे कोटी बाकी आहेत तू बोललेल्यातले. रोज अडीच कोटींनी अजून चार-पाच महिने विकायला लागतील. डोळे आले असते तर दुसऱ्या दिवशी माझ्या नावापुढे आकडा आला असता." तो ओट्यावर बसला. "तुझा हिशेब मला त्याच दिवशी कळला होता. एकोणिसांतला एक आंधळा राहिल्याशिवाय तो सुटत नव्हता. तुला कळला नव्हता का?"

केतकीला म्हणायचं होतं, नव्हता. तिला खरोखर आठवेना. त्या दुपारी पडद्यावरच्या रेघेकडे ती बराच वेळ पाहत राहिली होती, एवढं आठवत होतं.

"आता सांगू नकोस," उमेश म्हणाला. "मला दिसणार नाही तू खरं बोलतेस की नाही. आणि मी हे तुझ्यासाठी केलं असं कुठे बोलू नकोस. तुझा शब्द तू गावासमोर दिलास, चितांसमोर दिलास. तो खोटा पडला तर मांजरेकरांच्या घरात मला राहायचं आहे, तुला नाही."

"मी इथे राहते, दादा. तुझं सगळं करते."

"नको."

"निदान थोडे दिवस."

"तुला अजून कळलेलं दिसत नाही." त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. मवाळ झाला असं नाही, दमलेला होता. "बाजाराला वाटतंय, माझे डोळे झाले, विकलं असेल ते विकून झालं. सगळं विकून होईपर्यंत ते तसंच वाटायला हवं. मी अजून विकतोय हे तीन माणसांना ठाऊक होतं. मी, रेश्मा, आणि ते पुण्याचे लेखापाल. त्या दोघांचं चित्रण कुणाकडे नाही. तुझं दहा वर्षांचं आहे. आता तुलाही ठाऊक झालं."

केतकी उठली. पडवीतून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून अंगणात. रेश्मा कागद गोळा करत होती. तिनं वर पाहिलं नाही.

फाटकाशी तिचा हात कडीवर असताना उमेशनं मागून हाक मारली.

"केतकी."

ती थांबली.

"एसटी स्टँडच्या नाक्यावर कॅमेरा आहे," तो म्हणाला. "मान खाली घालून जा."